दिवा लुकलुकतो तेव्हा

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील एका दुपारी पुण्याहून सांगलीकडे निघालेल्या एका कुटुंबाची मोटार खंबाटकीचा घाट चढत होती. पाऊस नुकताच पडून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीस भाचीचा साखरपुडा होता. मागच्या आसनावर आप्पा, आई व दहा वर्षांचा नातू, पुढे मुलगा व सून, आणि डिकीत साड्यांच्या पेट्या, फराळाचे डबे व आहेराचे सामान, अशी भरगच्च गाडी होती. दुसरे वळण चढताना गाडीने एकदोन आचके दिले आणि चालकासमोरील पाटीवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकू लागला.

तो दिवा घरच्यांना अपरिचित नव्हता. गेले तीन आठवडे तो स्थिर जळत होता. मुलाने एका गॅरेजवाल्यास तो दाखवलाही होता. गॅरेजवाल्याने यंत्र लावून दिवा विझवून दिला, चार दिवसांनी तो पुन्हा लागला आणि ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ असे म्हणून विषय तेथेच थांबला होता. आज मात्र तो जळत नव्हता, उघडझाप करीत होता. मुलगा म्हणाला, “एवढा चढ संपू दे, पुढे उतारच आहे. साताऱ्यात पाहू.” सुनेने समोरच्या कप्प्यातून गाडीची पुस्तिका काढली, दोन पाने उलटली आणि म्हणाली, “अहो, स्थिर दिवा वेगळा आणि लुकलुकणारा वेगळा, असे यात स्पष्ट लिहिले आहे. चढावर जोर देऊ नका.” क्षणभर कोणी बोलले नाही. मग मागून आप्पा म्हणाले, “पुढे रुंद जागा दिसली की गाडी बाजूला घे. तिने वाचले आहे, आपण वाचलेले नाही.”

गाडी थांबली. त्या थांबण्याने काय वाचले, हे समजण्यासाठी डॅशबोर्डवरील दिव्यांची भाषा थोडी जाणून घ्यावी लागते. आज घरोघरी मोटारी आल्या आहेत. परंतु गाडी घेताना रंग, किंमत व मायलेज यांची जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेही या दिव्यांची होत नाही. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका तर अनेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही आलेली नसते.

या भाषेचे पहिले अक्षर म्हणजे रंग. वाहनांतील चिन्हांसाठी ‘आयएसओ २५७५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी तेलाची झारी, बॅटरीची पेटी, पाण्यात बुडवलेला तापमापक ही चित्रे बहुधा सारखीच दिसतात. रंगांचा अर्थही सर्वत्र जवळजवळ एकच आहे. हिरवा वा निळा दिवा म्हणजे अमुक एक सोय चालू आहे एवढीच माहिती, जसे इंडिकेटर किंवा हेडलाइटचा प्रखर झोत. पिवळा अथवा नारिंगी म्हणजे कोठेतरी बिघाड आहे, लवकर लक्ष द्या. लाल म्हणजे धोका, सुरक्षित जागा पाहून थांबा. बँकेच्या व्यवहारातील उपमा द्यायची तर पिवळा दिवा म्हणजे हप्ता थकू लागलेले, पण अद्याप बुडीत न ठरलेले कर्जखाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ९० दिवसांहून अधिक थकलेले खाते अनुत्पादक ठरते, परंतु त्याआधीच त्यास विशेष उल्लेखाच्या वर्गात घालून इशारा दिला जातो. त्या मुदतीत जो कर्जदाराच्या दारी जातो त्याचे खाते बहुधा वाचते. जो कागद फाईलला लावून स्वस्थ बसतो त्याचे वाचत नाही.

दुसरे अक्षर म्हणजे दिव्याचे वागणे. तो स्थिर आहे की लुकलुकतो, याकडे फार थोड्या लोकांचे लक्ष असते. इंजिनाच्या पिवळ्या दिव्याच्या बाबतीत तर हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्यामागे एक इतिहासही आहे.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर विसाव्या शतकाच्या मध्यास मोटारींच्या धुराने कोंदून गेले होते. धूर कमी करण्यासाठी पुढे मोटारींच्या धुराड्याच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा बसवण्यात येऊ लागला. भारतात एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो आवश्यक करण्यात आला व त्यासाठीच तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले, कारण शिशाने तो डबा निकामी होतो. या डब्यात मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला, चिनी मातीच्या जातीचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. इंजिनातून येणारे विषारी वायू या थराच्या सान्निध्यात कमी घातक वायूंत बदलतात. डबा गाडीच्या पोटाखाली वा इंजिनालगत असतो, दिसत नाही, आवाज करीत नाही. परंतु बदलण्याची वेळ आली की त्याची किंमत हजारांच्या अनेक दशकांत जाते.

धुरावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा बिघडली तर ते चालकास कळावे, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम केला. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना त्याची सुधारित आवृत्ती लागू झाली. पुढे अन्य देशांनीही तीच वाट धरली. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ मानकांच्या गाड्यांत तर ही स्वयंतपासणी अधिकच काटेकोर आहे. ‘चेक इंजिन’ या नावाने ओळखला जाणारा पिवळा दिवा हे या तपासणीचे मुख आहे. तो स्थिर जळतो तेव्हा संगणकाने एखादी त्रुटी नोंदवलेली असते. ती पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट न बसण्याइतकी किरकोळ असू शकते, वा एखादा सेन्सर बिघडण्याइतकी मध्यम. गाडीच्या चालीत फरक नसेल तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. परंतु तोच दिवा सेकंदास एकदा अशा गतीने लुकलुकू लागला, तर अर्थ निराळा. इंजिनातील एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही आणि ते न जळलेले पेट्रोल त्या महागड्या डब्याकडे निघाले आहे.

आपल्याकडचे मिस्त्री यास ‘गाडी मिसिंग मारते’ असे म्हणतात. मोटारीचे इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटास १५०० वेळा, म्हणजे सेकंदास २५ वेळा ठिणगी पडून इंधनाचा स्फोट व्हावा लागतो. प्रत्येक स्फोट फिरत्या दांड्यास एक ढकल देतो. एखादी ठिणगी चुकली की ती ढकल चुकते आणि दांड्याची गती क्षणाच्या अल्पांशापुरती मंदावते. दांड्याला जोडलेल्या दातेरी चाकाजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. तो एकेक दाता मोजत असल्याने ही मंदगती त्याच्या लक्षात येते आणि कोणत्या सिलिंडरने दगा दिला हेही संगणकास कळते. आपल्याकडील अनेक लहान मोटारींची इंजिने तीन सिलिंडरची आहेत. त्यांतील एक बंद पडले तर शक्तीचा तिसरा हिस्सा गेला, म्हणूनच गाडी आचके देते व चढावर दम टाकते.

तेथे न जळलेले पेट्रोल हवेसह पुढे सरकते आणि आधीच काही शे अंश तापलेल्या त्या डब्यात जाऊन जळते. जी उष्णता इंजिनात निर्माण व्हायची ती नको त्या ठिकाणी निर्माण होते. डब्याचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. धातूंचा थर निकामी होतो, आणि गाडी तशीच दामटली तर आतील जाळी वितळून धुराचा मार्गच बुजतो. मग गाडी चालेनाशी होते ती वेगळीच. अशी तापलेली गाडी उन्हाळ्यात वाळक्या गवतावर उभी केल्यास गवत पेट घेण्याचाही धोका असतो. हा सारा विध्वंस होण्यास महिने लागत नाहीत. पूर्ण भार, एसी चालू, चढ आणि घाई अशी परिस्थिती असेल तर थोडी मिनिटेही पुरतात. ‘एवढा चढ संपू दे’ हे मुलाचे म्हणणे सहज होते, पण चढावरच इंजिनावर सर्वाधिक भार असतो. घाट संपेपर्यंत थांबणे म्हणजे नुकसान पुरे होईपर्यंत थांबणे.

अशा वेळी करावयाचे ते सोपे आहे. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, एसी बंद करावा, इंडिकेटर देऊन सुरक्षित रुंद जागी गाडी घ्यावी व इंजिन बंद करावे. भार कमी होताच काही वेळा लुकलुकणे थांबून दिवा स्थिर होतो. तसे झाले आणि गॅरेज जवळ असेल तर अगदी सौम्य गतीने तेथवर जाण्यास बहुतेक पुस्तिका मुभा देतात. पुन्हा लुकलुक सुरू झाली तर मात्र गाडी ओढून नेणेच शहाणपणाचे. महामार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा मदत क्रमांक आहे आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२. गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर, घाटात तर वळणाच्याही अलीकडे, लाल त्रिकोण ठेवावा. माणसांनी गाडीत बसून न राहता रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. यंत्राची काळजी घेताना माणसे विसरली जाऊ नयेत.

आता इतर दिव्यांकडे वळू. लाल दिव्यांत सर्वांत कठोर दिवा तेलाच्या झारीचा. तो तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब नाही हे सांगतो. इंजिनातील धातूचे भाग तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरतात. दाब गेला की धातू धातूवर घासतो आणि काही क्षणांत इंजिन जाम होऊ शकते. हा दिवा वळणावर किंवा ब्रेक दाबताना क्षणभर लुकलुकला आणि विझला, तर अनेक जण सुटकेचा निःश्वास टाकतात. वस्तुतः तो बहुधा तेल खाली गेल्याचा इशारा असतो. वळणावर तेल एका बाजूस सरते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. येथे गॅरेजपर्यंत नेण्याचा विचारही करू नये. त्वरित बाजूस घेऊन इंजिन बंद करावे, सपाट जागी काही मिनिटांनी तेलाची पट्टी काढून पाहावी, आणि तेल पुरेसे दिसूनही दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नये.

तशीच गत ब्रेकच्या लाल दिव्याची. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो, त्यामुळे लोक त्यास फारसे मनावर घेत नाहीत. परंतु हँडब्रेक पूर्ण खाली असताना घाटाच्या वळणावळणाला तो दिवा उघडझाप करीत असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली आहे असे समजावे. गाडी कलंडली की भांड्यातील ऑइल कलंडते व सेन्सर उघडा पडतो. ऑइल कमी होण्याची कारणे दोनच: ब्रेकचे पॅड झिजले आहेत, किंवा कोठेतरी गळती आहे. पहिले कारण थोडी सवड देते, दुसरे देत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच हा निवाडा झालेला बरा. ‘एबीएस’ अशी अक्षरे असलेला पिवळा दिवा एकटाच जळत असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाके घसरू न देणारी सोय बंद असते. परंतु तो आणि ब्रेकचा लाल दिवा एकाच वेळी लागले तर थांबण्यातच हित आहे.

तापमापकाचा लाल दिवा लागला तर इंजिन तापले आहे. अशा वेळी रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह टाळावा. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम उसळून हातातोंडावर येते. या एका उतावीळपणाने भाजलेली माणसे प्रत्येक घाटमार्गावरील मिस्त्रीने पाहिलेली असतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही घातक, कारण धातूला तडा जाऊ शकतो. गाडी बंद करून अर्धा तास सावलीत बसणे हाच तेथे उत्तम उपाय.

बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा पुष्कळांना फसवतो. बॅटरी जुनी झाली असेल एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. खरे पाहता इंजिन चालू असताना तो लागला तर बॅटरीत वीज भरली जात नाही असा त्याचा अर्थ आहे. उत्पन्न थांबले असून शिलकीवर खर्च चालू आहे, आणि शिल्लक संपली की गाडी जेथे असेल तेथे थांबेल. त्यातही पट्टा तुटला असेल आणि त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालत असेल, तर काही मिनिटांत इंजिनही तापेल. म्हणून हा दिवा लागताच तापमानाच्या काट्याकडे पाहावे, एसी व अन्य उपकरणे बंद करावीत आणि इंजिन बंद करून चहास न थांबता जवळचे गॅरेज गाठावे. बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होईलच असे नाही. काटा चढू लागला तर मात्र तेथेच थांबावे.

लुकलुकणारा प्रत्येक दिवा संकटच सांगतो असेही नाही, आणि हेही जाणून घेणे आवश्यक आहे. घसरणाऱ्या मोटारीचे व नागमोडी रेषांचे चित्र असलेला पिवळा दिवा निसरड्या रस्त्यावर लुकलुकला, तर गाडीची स्थैर्य राखणारी यंत्रणा त्या क्षणी आपले काम करीत आहे. चालकाने वेग कमी करावा एवढीच तिची विनंती असते. हा दिवा स्थिर राहिला तरच ती यंत्रणा बंद वा बिघडलेली आहे. उभ्या गाडीत रात्री मंदपणे लुकलुकणारा किल्लीचा वा कुलपाचा लाल दिवा चोरीप्रतिबंधक पहारा चालू असल्याची खूण आहे. किल्ली फिरवल्यावरही तो लुकलुकत राहिला तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही असे समजून दुसरी किल्ली वापरून पाहावी. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकू लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब बहुधा गेलेला असतो. टायरच्या हवेचा पिवळा दिवा स्थिर असेल तर हवा कमी आहे. गाडी सुरू करताच तो एक-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा मोजणारी यंत्रणाच बिघडली आहे. आसनपट्ट्याचा लाल दिवा व त्यासोबतचा नाद तर १ जुलै २०१९ पासून भारतातील नव्या मोटारींत पुढील दोन्ही आसनांसाठी अनिवार्य आहे. पट्टा पाठीमागून अडकवून तो नाद बंद करणारे लोक आढळतात. ते कोणास फसवतात, याचा विचार त्यांनीच करावा.

डिझेल मोटारींच्या मालकांनी आणखी एका दिव्याची ओळख करून घ्यावी. ‘बीएस-६’ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. केवळ शहरातल्या शहरात पाच-दहा मिनिटांचा प्रवास करणाऱ्या गाडीत ही काजळी जळून जाण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही, गाळणी भरत जाते व तिचा दिवा लागतो. प्रारंभीच्या अवस्थेत महामार्गावर थोडा वेळ सलग एका गतीने गाडी चालवल्यास ती बहुधा मोकळी होते. दुर्लक्ष केल्यास गॅरेजमध्ये यंत्र लावून, आणि त्यानंतरही दुर्लक्ष केल्यास गाळणी बदलूनच सुटका होते. किती वेळ, किती गतीने चालवावे हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. येथेही उत्तर त्या कप्प्यातच असते.

आता राहिला प्रश्न दिवा ‘विझवून’ घेण्याचा. संगणक केवळ दिवा लावून थांबत नाही. बिघाडाचा सांकेतिक क्रमांक आणि त्या क्षणीची गाडीची स्थिती, म्हणजे वेग, इंजिनाचे फेरे, तापमान, हेही तो टिपून ठेवतो. उदाहरणार्थ, पी ०३०२ हा क्रमांक दुसऱ्या सिलिंडरमधील मिसिंग दर्शवतो. मिस्त्रीने स्कॅनर लावून तो क्रमांक वाचणे हे निदान. परंतु न वाचताच, कारण न शोधताच तो पुसून टाकणे म्हणजे हिशेबात फरक आला म्हणून वहीचे पान फाडणे होय. फरक तसाच राहतो, शोधण्याचे साधन तेवढे जाते. ग्राहकाने ‘दिवा बंद करून द्या’ असे न म्हणता ‘क्रमांक काय आला ते कागदावर लिहून द्या आणि कारण सांगा’ असे म्हणावे. ज्या गॅरेजात याचे उत्तर मिळत नाही, तेथे गाडी देऊ नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर विशेष दक्ष असावे. किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू केले नाही, तर इंजिन, तेल, बॅटरी, ब्रेक, एअरबॅग हे मुख्य दिवे लागलेच पाहिजेत. गाडी आपले दिवे स्वतःच तपासून दाखवीत असते. इंजिन सुरू होताच ते एकापाठोपाठ एक विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळातच लागला नाही, तर तो बिघडला आहे किंवा काही लपवण्यासाठी मुद्दाम बंद केला आहे. न विझणाऱ्या दिव्यापेक्षा न लागणाऱ्या दिव्याची शंका अधिक घ्यावी.

खंबाटकीच्या घाटात थांबलेल्या त्या गाडीला ओढून नेणारी गाडी यायला दीड तास लागला. भाड्याची मोटार बोलावून आई, सून व नातू सामानासह सांगलीस पुढे गेले. बापलेक साताऱ्यातील गॅरेजात थांबले. स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरचा क्रमांक आला. कॉइल गेली होती व झिजलेल्या प्लगनेच तिच्यावर ताण आणला होता. मिस्त्रीने प्लग तळहातावर ठेवून दाखवला आणि विचारले, “दिवा केव्हापासून लागत होता?” मुलगा काही बोलला नाही. आप्पांनी सांगितले, “तीन आठवडे.” मिस्त्री म्हणाला, “तेव्हाच आला असता तर नुसते प्लग बदलून भागले असते. आज चढ पुरा केला असता तर खालचा डबा गेला असता.” कॉइल व प्लगचा खर्च चार हजारांच्या आत आटोपला. डबा शाबूत होता. दोघे सांगलीस पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. सकाळचा साखरपुडा वेळेवर झाला.

परतीच्या प्रवासापूर्वी त्या घरात दोन गोष्टी नव्याने सुरू झाल्या. गाडीच्या कप्प्यात पुस्तिकेसोबत एक लहान वही आली. कोणता दिवा, कोणत्या तारखेस, किती किलोमीटरला, स्थिर की लुकलुकता, असे चार रकाने तिच्यात आप्पांनी आखून दिले. पहिली नोंद मुलाने स्वतःच्या हाताने केली, खंबाटकीची. आणि किल्ली फिरवल्यावर दिवे मोजण्याचे काम नातवाकडे गेले. सगळे विझले की तो मागून “हां, बाबा, चला” म्हणतो. तोवर गाडी दारातून हलत नाही.